ऐपत होती, पत नव्हती

कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समुदायांच्या, नेतृत्वावरचा मजकूर तुम्ही मराठीत आणताय. त्यातल्या वाक्यात ‘ॲक्सेस टू कॅपिटल’ आणि ‘कम्युनिटी वेल्थ’ आहेत; पहिल्यासाठी ‘भांडवलाची उपलब्धता’ चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

व्याकरण ठीक, पण अर्थ निसटतो. भांडवल बाजारात उपलब्ध होतंच. या लोकांच्या हाती ते लागत नव्हतं. ‘भांडवलापर्यंत पोहोच’ अर्थाला जवळचं, पण असं कोणी बोलत नाही. माझं मत ‘पत’ला.

ऐपत आणि पत यांची आपण सर्रास गल्लत करतो. ऐपत म्हणजे आपल्यापाशी काय आहे; पत म्हणजे आपल्या भरवशावर दुसरा किती द्यायला तयार होईल. (अब्रूलाही आपण पतच म्हणतो, हे उगाच नाही.) कॅनडात या दोघींची ताटातूट कायद्यानेच केली. तिथला इंडियन ॲक्ट (इथे ‘इंडियन’ म्हणजे हेच मूळ रहिवासी) मूळचा १८७६चा. त्याच्या आजच्या कलम ८९नुसार राखीव क्षेत्रातली त्यांची मालमत्ता सहसा बाहेरच्या कोणाकडे गहाण ठेवता येत नाही. त्यामुळे जमीन सावकाराच्या घशात जाण्यापासून वाचली, पण तारण म्हणूनही बाद झाली. ऐपत होती, पत नव्हती.

यावर त्यांच्याच पुढाऱ्यांच्या रेट्यातून २००५चा वित्तीय व्यवस्थापन कायदा आला. त्याखालच्या फर्स्ट नेशन्स फायनान्स ऑथॉरिटीचं काम म्हणजे चक्क पत एकत्र करणं: अनेक समुदायांच्या वतीने रोखे काढायचे, आलेला पैसा त्यांना कर्जाऊ द्यायचा, तारण जमिनीचं नव्हे, उत्पन्नाचं. २०२१मध्ये मेंबर्टू या फर्स्ट नेशनचे प्रमुख टेरी पॉल यांच्या पुढाकाराने मिग्मॉ या मूळ रहिवासी लोकांच्या समुदायांनी एका कंपनीच्या भागीदारीत क्लिअरवॉटर ही मोठी मासळी कंपनी सुमारे १०० कोटी कॅनेडियन डॉलरना घेतली. त्यातले २५ कोटी फायनान्स ऑथॉरिटीच्या कर्जातून आले.

‘कम्युनिटी वेल्थ’ला ‘सामुदायिक संपत्ती’ चालेल. मला ‘समाजाची मिळकत’ अधिक आवडतं, कारण मिळकतीत मालमत्ताही येते आणि कमाईही. ‘भांडवल’ मात्र जपून वापरा. ‘भांडवल उभं केलं’ ही कर्तबगारी, ‘भांडवल केलं’ हा आरोप!

हे दोन्ही शब्द असलेलं तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘आपल्या समाजाची पत उभी करून त्यातून सगळ्यांची मिळकत वाढवणारं नेतृत्व.’