आजोबांचा सदरा निळा का दिसतो?

प्रश्न : ताई, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत त्यांचा फोटो काढला. पांढराशुभ्र सदरा, धोतर, टोपी. फोटोत मात्र खांद्यावर निळसर झाक आली आणि गळपट्टीपाशी हिरवट. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (ज्यावर टेकवू त्याला बिनरंगी मानून अख्ख्या फोटोचे रंग फिरवणारं साधन) सदऱ्यावर टेकवला, तर सदरा पांढरा झाला पण चेहरा कावीळ झाल्यासारखा पिवळा. फोटो फ्रेम करायचा आहे. काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ड्रॉपर सदऱ्यावर टेकवलात, तिथेच घोटाळा झाला.

सावलीत थेट ऊन नसतं, उजेड येतो तो निळ्या आभाळाचा. दुपारच्या उन्हाचं रंगतापमान साधारण 5500 केल्विन धरतात, मोकळ्या सावलीचं 7000 ते 8000; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळा. खांद्यावर आभाळ पडतं, म्हणून तो निळा. गळपट्टीवर खालच्या गवताचा उजेड उसळतो, म्हणून ती हिरवी. आणि तिसरं कारण तुमच्या मोरीत आहे. सणासमारंभाचा सदरा निळीत बुचकळलेला असतो, शिवाय धुण्याच्या पावडरीत ऑप्टिकल ब्राइटनर असतात. ते अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतात. म्हणजे सदरा चेहऱ्यापेक्षा मुळातच जास्त निळा. त्यालाच पांढरा मानून अख्खा फोटो फिरवलात, तर चेहरा पिवळा पडणारच.

म्हणून आधी चेहरा. सदऱ्याकडे अजिबात न बघता आजोबांची कातडी ओळखीची दिसेपर्यंत तापमान (निळा-पिवळा) आणि टिंट (हिरवा-मजेंटा, म्हणजे हिरवा-किरमिजी) सरकवा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला मूळ फोटो) असेल तर हे फार सोपं जातं. मग मास्क करून फक्त सदरा निवडा आणि खांद्यावरचे रंगांचे आकडे (0 ते 255) वाचा. लाल 214, हिरवा 222, निळा 236 असे काही दिसले तर सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) उतरवत तिघांतलं अंतर चार-पाचवर आणा. शून्यावर नको, सदरा कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. उजळ भाग 240-245 च्या वर गेला की चुण्याही पुसल्या जातात. गळपट्टीला वेगळा ब्रश घ्या, टिंट मजेंटाकडे. हनुवटीखालच्या कातडीवरूनही तो हलक्या हाताने फिरवा, हिरवा तिथेही चढलेला असतो. फोनवरच करणार असाल तर स्नॅपसीड या फोटो-ॲपच्या ब्रशमध्ये सॅच्युरेशन उणे 5 ठेवा.

एक मात्र आधी आजींना विचारा : सदरा खरंच पांढरा होता ना? मी एका वारकरी आजोबांचा फोटो असाच शुभ्र करून दिला होता. त्यांच्या घरच्यांनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘हा सदरा ह्यांचा नव्हे.’ वर्षानुवर्षं वापरून त्याला मातकट रंग चढला होता, तो मी उजेडाचा दोष समजून पुसून टाकला होता. फोटो पुन्हा केला, पण त्यांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. उजेडाचा रंग जागोजागी बदलतो, कापडाचा सगळीकडे सारखा असतो. खादी, मांजरपाट, जुनं धोतर असेल तर मी आता हे तपासल्याशिवाय हात लावत नाही.

पुन्हा फोटो काढणार असाल तर आजोबांना गवतावरून उठवून ओट्यावर बसवा आणि पायांपुढे साधी पांढरी चादर अंथरा. पहिल्या फोटोत त्यांच्या हातात राखाडी कार्ड (कुठल्याही रंगाची झाक नसलेला करडा पुठ्ठा) द्या. ड्रॉपर त्याच्यावर टेकवायचा.