पहिल्या क्रॉस कंट्रीआधी सुट्टी घ्यायची का?

तुम्ही विचारलंय की सहा किलोमीटरची पहिली क्रॉस कंट्री, म्हणजे गवत, चिखल, चढ-उतार अशा कच्च्या वाटेवरची शर्यत, तीन आठवड्यांवर आलीय, आजवर फक्त रस्त्यावर धावलात, आणि एक दिवस घरी राहिलं तरी सराव बुडाला असं वाटतं. मग सुट्टी घ्यावी का?

घ्या. आठवड्यातून दोन दिवस, आणि मनाला अजिबात लावून न घेता.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. माझ्या पहिल्या शर्यतीआधी मी एकोणीस दिवस सलग धावले, त्यातले बरेच दिवस उपवनकडून येऊरचा चढ. दम वाढत होता, म्हणून थांबावंसं वाटेना. मग डावी नडगी दुखायला लागली. आधी धावून झाल्यावर, नंतर जिना उतरताना, शेवटी रात्री झोपेतसुद्धा. हाडावरून अंगठा फिरवला की रुपयाएवढ्या एकाच जागी कळ यायची. डॉक्टरांनी तिथंच बोट ठेवलं आणि धावणं बंद केलं. शर्यत हुकली, ती पुढच्या वर्षी धावले.

तेव्हा समजलं ते असं: दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला जास्त वेळ लागतो. ताण पडला की शरीर आधी हाडाचा जुना भाग काढतं आणि मग नवा भरतं. मधल्या काळात ती जागा कच्ची असते. त्यामुळे अंगात जोर आलाय असं वाटतं नेमकं तेव्हाच दुखापती होतात. नवा भाग भरायला वेळ मिळतो तो सुट्टीच्या दिवशी आणि झोपेत.

रस्त्यावरच्या धावपटूला तर सुट्टी जास्तच लागते. डांबरावर पाऊल दर वेळी सारखंच पडतं. गवत, खडी, चिखल आला की घोटा दर पावलाला सावरावा लागतो आणि पोटऱ्या आंबतात. उतारावर मांड्यांवर जास्त ताण येतो, आणि ते दुखणं बहुतेकदा दुसऱ्या दिवशी खरं जाणवतं. म्हणून आठवड्यात एकदाच कच्च्या वाटेवर धावा आणि दुसरा दिवस मोकळा ठेवा. शेवटच्या आठवड्यात उतार नकोच, धावणंही निम्म्यावर आणा. तेव्हा केलेल्या जादा मेहनतीचा शर्यतीला उपयोग होत नाही, थकवा मात्र राहतो.

सुट्टी म्हणजे सुट्टी. तलावपाळीला संध्याकाळी सावकाश फेरी मारली तर चालेल. ‘हलकंसं पाच किलोमीटर’ चालणार नाही. त्या दिवशी जेवण कमी करू नका, वरण-भात पोटभर खा.

शर्यतीत घड्याळ बघू नका. मार्ग प्रत्येक ठिकाणी वेगळा, म्हणून क्रॉस कंट्रीत जागतिक विक्रम नोंदवतच नाहीत. तुमच्या रस्त्यावरच्या वेळेशी तुलना कशाला? सुरुवातीला मैदान रुंद असतं, पुढे वाट अरुंद होते, म्हणून सगळे पहिल्या दोनशे मीटरला सुसाट सुटतात. त्यांना जाऊ द्या, चढावर त्यातले बरेच गाठता येतात. नाडीला दुहेरी गाठ मारा, चिखलात बूट खेचला जातो.

आणि आजपासून रोज सकाळी नडगीवरून अंगठा फिरवा. आतली कड लांबवर ठणकत असेल तर दोन-तीन दिवस थांबून बघा. एकाच ठिपक्याला कळ असेल तर शर्यतीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.