नमाज झाल्यावर हात पसरून काय मागतात?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑफिसातला सहकारी दुपारची नमाज झाल्यावर मिनिटभर हात पसरून बसतो, तेव्हा तो काय म्हणत असतो? अरबी कळत नसेल तर त्या प्रार्थनेला अर्थ काय? मागितलेलं मिळालं नाही तर श्रद्धा टिकते कशी? आणि शेवटी, जरा संकोचून, तुमच्या आईच्या आजारपणासाठी त्याला दुआ करायला सांगितलं तर चालेल का?

चालेल. त्यासाठी थांबू नका, उद्याच सांगा. बाकीचं सावकाश लिहिते.

तुम्हाला दिसतात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नमाज ठरलेली असते. दिवसातून ५ वेळा, वजू करून म्हणजे ठरल्या रीतीने हात-तोंड-पाय धुऊन, मक्केतल्या काब्याकडे तोंड करून, अरबीतून. उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकणं अशा एका फेरीला रकात म्हणतात. पाचही वेळच्या फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती मोजल्या तर १७ होतात आणि प्रत्येक रकातीत सूरह फातिहा, म्हणजे कुरआनाचा पहिला अध्याय, म्हटली जाते. तिच्या ७ आयती, म्हणजे ओळी, आहेत आणि ती स्वतःच एक मागणं आहे: आम्हाला सरळ मार्ग दाखव. एकटा माणूस बंद खोलीत नमाज पढत असला तरी 'मला' म्हणत नाही, 'आम्हाला' म्हणतो. मला हे फार आवडतं.

नमाज संपली की सलाम फिरवतात, म्हणजे मान उजवीकडे आणि मग डावीकडे वळवतात. त्यानंतर तुमचा सहकारी हात पसरतो ती दुआ. नमाजच्या आत अरबीच हवी असं आपल्याकडचे बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, सांगतात, पण बाहेर दुआला भाषेचं बंधन नाही. वेळेचं नाही, जागेचं नाही, वजूचंही नाही. कणीक मळताना करा, एसटीत खिडकीशी बसून करा. त्यामुळे तो मिनिटभर बहुधा मराठीत किंवा घरच्या बोलीत बोलत असतो, आणि त्यात मुलाची फी, आईचे गुडघे, घराचे हप्ते असं सगळं येतं.

मी दुआ शिकले ती दादीकडून. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. दादीला सात-आठ सूरह पाठ होत्या, त्यांचा अर्थ मात्र तिला कुणी कधी शिकवला नव्हता. तिचा मुसल्ला, म्हणजे नमाजची सतरंजी, हिरवा होता. गुडघे आणि कपाळ टेकतात तिथली लव झडून खालचे धागे दिसत. मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, ती पदर डोक्यावर सारखा करून हात उचलायची आणि आम्ही पोरं शेजारी बसून आपलं नाव कधी येतंय याची वाट बघायचो. यादीचा क्रम ठरलेला: आधी घरातली गेलेली माणसं, मग आजारी, मग मुंबईत कामाला गेलेले मुलगे, मग आम्ही. सगळ्यांत शेवटी गाव. घरातल्यांचं मागणं दखनीत, म्हणजे आमच्या घरच्या उर्दू बोलीत, चालायचं, पण शेतावर आणि पावसावर आली की ती आपोआप मराठीत जायची. 'अल्ला, पाणी दे रे बाबा, जनावरं तडफडायला लागली.' शेजारच्या काकूंची म्हैस व्यायला झाली होती, तर सलग आठ दिवस ती म्हैससुद्धा यादीत होती. अल्लाहला ती 'तू'च म्हणायची. मराठीत देवाला आपण अरे-तुरे करतो ना, अगदी तसं.

म्हैस कशाला, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, दुसऱ्याच्या माघारी त्याच्यासाठी मागितलं की फरिश्ता आमीन म्हणतो आणि म्हणतो, तुलाही तेच मिळो. ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे हे मला पुढे वाचताना कळलं. दादीने ती वाचलेली नव्हती. ती तसं जगत होती.

आता अर्थाबद्दल. अरबी कळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पोपटपंचीवर समाधान मानू नये, निदान फातिहाचा अर्थ तरी प्रत्येकाने शिकावा. पण न कळणाऱ्याची प्रार्थना पोकळ असते असं कुणी म्हणालं तर मला दादीचा मुसल्ला आठवतो. कुरआनाच्या दुसऱ्या सूरहमध्ये, रोज्यांच्या आयतींच्या मधोमध, १८६ वी आयत आहे: माझे दास तुला माझ्याविषयी विचारतील, तर मी जवळच आहे, हाक मारणाऱ्याने हाक मारली की मी तिला उत्तर देतो. कुरआनात पुष्कळ ठिकाणी लोक पैगंबरांना काही विचारतात आणि उत्तराच्या आधी 'सांग' असा शब्द येतो, म्हणजे अल्लाह पैगंबरांमार्फत उत्तर देतो. इथे तो शब्दच नाही. मध्ये कुणीही न येता थेट 'मी जवळ आहे'. माझ्या लेखी इस्लाममधल्या वैयक्तिक प्रार्थनेचा सगळा आधार या गाळलेल्या शब्दात आहे. हाक मारायला मध्यस्थ लागत नाही, हे तिथे शब्दांच्या रचनेतूनच सांगितलंय.

मिळालं नाही तर काय, हा तुमचा खरा प्रश्न असावा. त्याचं उत्तर मला अब्बांच्या आजारपणाने दिलं.

अब्बांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. एका नातेवाइकाने सांगितलं, हे सगळं सोडा, अमक्याकडे तावीज मिळतो. अब्बा म्हणाले, 'उंट बांधायचा असतो.' एका माणसाने पैगंबर मुहम्मद (स.) यांना विचारलं होतं की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? ते म्हणाले, बांध आणि भरवसा ठेव. अब्बांनी एकही डायलिसिस चुकवलं नाही. मशीन चालू असताना नमाजची वेळ झाली तर ते पडल्या पडल्या मानेच्या इशाऱ्याने पढायचे, आजाऱ्याला तशी मुभा आहे. दुआच्या वेळी मात्र एकच हात उचलायचे, कारण दुसऱ्यात दोन सुया असायच्या आणि तो हलवायचा नसे. पसरलेला तो एकटा तळहात, त्यावर टीव्हीचा निळा उजेड. मला अजून दिसतो.

मी पहिलं वर्ष एकच मागत होते: यांना बरं कर. रात्री तहज्जुदला, म्हणजे रात्री उशिराच्या ऐच्छिक नमाजला, उठून मागितलं, सजद्यात, कपाळ जमिनीला टेकून, रडून मागितलं. दुसऱ्या वर्षी ते खंगत गेले आणि माझं मागणं बदललं: यांचा त्रास कमी कर. शेवटी शेवटी मी पैगंबरांनीच शिकवलेली एक दुआ म्हणायला लागले. कितीही त्रास झाला तरी मरण मागू नका, अगदीच राहवलं नाही तर एवढं म्हणा, की जगणं भल्याचं असेल तोवर जगव आणि मरण भल्याचं असेल तेव्हा ने. हे शब्द ओठावर आले त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपले. अब्बा त्यानंतर महिन्याभराने गेले.

दुआ वाया गेली का? मला पाठ होतं की दुआचं फळ तीनपैकी एका रीतीने मिळतं: मागितलेलं इथेच मिळतं, किंवा आखिरतसाठी, म्हणजे मरणानंतरच्या जगण्यासाठी, राखून ठेवलं जातं, किंवा तेवढं एखादं संकट टळतं. पण मयतीच्या घरात पाठांतराने समाधान होत नाही. मी रागावले होते. कित्येक दिवस हात पसरले तरी ओठ हलत नव्हते, नुसती बसायचे. तेव्हा अम्मीने मला पैगंबरांच्या लहानग्या मुलाची, इब्राहीमची गोष्ट सांगितली. तो त्यांच्या हातात शेवटचे श्वास घेत होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. 'डोळे रडतात, मन दुःखी होतं, पण आमच्या रबला आवडेल तेवढंच आम्ही बोलतो.' म्हणजे त्यांनाही मुलगा परत मिळाला नाही, आणि रडू त्यांनी लपवलं नाही. त्या रात्री मी हात पसरून अल्लाहला एवढंच सांगितलं की मला अब्बांची आठवण येते. मागितलं काहीच नाही. माझा ईमान तुटला नव्हता हे मला त्या क्षणी कळलं, कारण ऐकणारा आहे हे धरूनच मी बोलत होते.

आता तुमच्या आईचं. आजाऱ्यासाठी एक जुनी दुआ आहे, तुमचा सहकारी बहुधा तीच म्हणेल: लोकांच्या पालनकर्त्या, हा त्रास दूर कर, बरं कर, बरं करणारा तूच आहेस. आजारी माणूस कुठल्या धर्माचा, हे या दुआत कुठे येत नाही. आईचं नाव सांगा, काय दुखतंय तेही सांगा. नाव घेऊन मागायला बरं पडतं. आणि तुमची हरकत नसेल तर मलाही कळवा, आज मगरिबनंतर मीही त्यांचं नाव घेईन.