१७ इंची अलॉय की चांगले रबर? पुण्याचे रस्ते आणि ट्रॅक, दोन्हींसाठी टायर निवडताना

आपली मागच्या पिढीची स्विफ्ट आहे, तिला मूळ मापाचे १८५/६५ आर १५ टायर आहेत, रोजचा प्रवास कोथरूड ते हिंजवडी असा आहे आणि वर्षातून दोन-तीनदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर गाडी चालवण्याचा बेत आहे. त्यासाठी १७ इंची अलॉय (मिश्रधातूची चाके) आणि २१५/४५ मापाचे टायर घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की घेऊ नयेत. आपण १५ इंचांवरच राहावे आणि तो सगळा खर्च रबराच्या दर्जावर करावा.

आधी मापाचे गणित पाहू. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि १५ हा रिमचा (टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा) इंचांतला व्यास. त्यावरून मूळ टायरचा एकूण व्यास सुमारे ६२१.५ मिमी येतो आणि २१५/४५ आर १७ चा सुमारे ६२५ मिमी. फरक एका टक्क्याहूनही कमी असल्यामुळे दुकानात हे माप ‘आरामात बसते’ असे सांगितले जाते, आणि व्यासापुरते ते खरेही आहे. मात्र साइडवॉल १२० मिमीवरून ९७ मिमीवर येते, आणि पुण्यात कमी झालेले हे २३ मिमीच सर्वांत महाग पडतात. रस्त्यावर डांबराचे नवे थर चढत जातात आणि चेंबरची झाकणे खालीच राहतात, हे आपण रोज पाहत असालच. माझ्या आधीच्या हॅचबॅकला मी १७ इंची अलॉय लावले होते. दुसऱ्याच पावसाळ्यात चांदणी चौकाजवळ पाण्याखाली दडलेल्या एका खड्ड्यात रिमची कड वाकली आणि साइडवॉलला फुगा आला. फुगा येतो तेव्हा आतले धागे तुटलेले असतात; त्यावर दुरुस्ती नसते, टायर बदलावाच लागतो. तो टायर बदलून पुढच्या महिन्यात मी १५ इंचांवर परतलो.

दुसरा तोटा वजनाचा आहे. मोठे रिम बहुधा जड असते आणि टायरसह त्याचे वस्तुमान केंद्रापासून दूर जाते. ते फिरवायला आणि थांबवायला जास्त शक्ती लागते, शिवाय खडबडीत रस्त्यावर सस्पेन्शनला ते लवकर आवरता येत नाही. १.२ लिटरच्या इंजिनाला हा भार सहज जाणवतो.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समज अर्धाच खरा आहे. टायरचा जमिनीला टेकणारा भाग किती मोठा असेल, हे मुख्यतः चाकावरचा भार आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरते. टायर रुंद केला की तो भाग आडवा वाढतो आणि लांबीला आखूड होतो. वळणावर त्याचा काही फायदा होतो, हे नाकारता येणार नाही, पण साचलेल्या पाण्यावर तोच रुंद टायर लवकर तरंगू लागतो. खरा फरक पडतो तो रबराच्या मिश्रणाने. अनेक टायरांच्या साइडवॉलवर ‘ट्रेडवेअर’ हा रबर किती टिकेल ते सांगणारा आकडा असतो. अमेरिकेतल्या प्रतवारी पद्धतीनुसार उत्पादक स्वतःच तो ठरवतात, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये, पण एकाच कंपनीच्या टायरांत तो बरेच सांगून जातो. साधारण ३०० च्या वर रोजच्या वापराचे टायर, २०० च्या आसपास ट्रॅकवरही टिकाव धरणारे आणि १०० किंवा त्याखाली जवळजवळ शर्यतीचे, अशी विभागणी मी मनात ठेवतो. जितके रबर मऊ, तितके ते लवकर झिजते, आणि अशा टायरांवर पाणी बाहेर टाकणाऱ्या खाचा सहसा कमी असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुळशी-ताम्हिणीकडे जाणाऱ्याने रोजच्या गाडीला ते लावू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

म्हणून रस्त्यासाठी १९५/६० आर १५ हे माप मला योग्य वाटते. त्याचा व्यास ६१५ मिमी, म्हणजे मूळ व्यासापेक्षा सुमारे एक टक्का कमी आहे. रिमवर आतल्या बाजूला कोरलेली रुंदी पाहा आणि ती या मापाला चालते, याची टायर कंपनीच्या तक्त्यावरून खात्री करा. भारक्षमतेचा अंक ८८, म्हणजे प्रतिटायर ५६० किलो, यापेक्षा कमी घेऊ नका. वेगाचे अक्षर एच (ताशी २१० किमी) किंवा व्ही (ताशी २४० किमी) असावे. उत्पादकाने दिलेल्या मापाबाहेर जाताना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होऊ शकते, तेव्हा विमा कंपनीला आधी लेखी विचारून घ्या.

पहिले दोन ट्रॅक डे (सर्किटवर स्वतःची गाडी चालवण्याचे दिवस) याच टायरांवर करा. चांगला रस्त्याचा टायर पकड सुटण्याआधी आवाज करून सांगतो आणि हळूहळू सुटतो. नवख्या हातांना याहून चांगला शिक्षक नाही. त्यानंतर वळणातली योग्य रेषा आणि ब्रेकिंग जमू लागले की २०० ट्रेडवेअरच्या जवळपासचा वेगळा संच दुसऱ्या १५ इंची रिमवर चढवून ठेवा. ही चार चाके माझ्या हॅचबॅकमध्ये मागचे आसन दुमडून मावतात. पुण्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ च पुढे बंगळुरूमार्गे त्या सर्किटपर्यंत पोहोचतो. तो ११०० किलोमीटरहून अधिक प्रवास मऊ रबरावर करणे म्हणजे ट्रॅकसाठी घेतलेला टायर महामार्गावर झिजवणे आहे.

हवेच्या दाबाबद्दल मात्र मी थोडे सविस्तर लिहितो, कारण चांगले टायर घेऊनही बहुतेकांचे इथेच चुकते. तापमान ५ ते ६ अंशांनी वाढले की दाब साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) वाढतो. जानेवारीत पुण्यात पहाटे १२ अंशांना भरलेली हवा चेन्नईच्या दुपारी ३२ अंशांत गाडी उभी असतानाच ३ ते ४ पीएसआयने वाढलेली असते, आणि चार-पाच वेगवान फेऱ्यांनंतर त्यात आणखी ६ ते ८ पीएसआयची भर पडल्याचे मी मोजले आहे. तेवढ्या दाबाला टायर मधोमध फुगतो, कडा कमी टेकतात आणि गाडी वळणावर बाहेर सरकू लागते. म्हणून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) परतल्याबरोबर चारही चाके स्वतःच्या गेजने मोजा, वहीत लिहा आणि जास्तीची हवा काढा. हवा किती काढायची, हे टायरच्या खांद्याजवळ, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग आणि साइडवॉल जुळतात तिथे, कोरलेले लहान त्रिकोण पाहून ठरवावे: झीज त्रिकोणापर्यंत पोहोचली तर दाब योग्य, त्याच्या पलीकडे साइडवॉलवर गेली तर कमी, अलीकडेच थांबली तर जास्त. स्विफ्टचे बहुतेक ओझे पुढच्या चाकांवर येत असल्यामुळे पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडांकडे विशेष लक्ष द्या.

गरम असताना हवा काढलेली असते हे लक्षात ठेवून पुन्हा हवा न भरता त्या टायरांवर घरी परतू नका. रात्री टायर थंड झाले की दाब दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याच्या बराच खाली जातो, आणि कमी हवेचा टायर भरल्या गाडीत महामार्गाच्या वेगाला आतून तापून फाटू शकतो. सकाळी निघण्यापूर्वी थंड टायरांत हवा भरा आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

खरेदी नाना पेठेत करा की घराजवळ, साइडवॉलवर ‘DOT’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक स्वतः वाचा; ती टायर तयार झाल्याची तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. मला एका दुकानात ‘नवे’ म्हणून चार वर्षांपूर्वी तयार झालेले टायर दाखवले गेले होते. वरून ते चकचकीत होते, पण रबर कडक झाले होते. चारही टायरांवरची तारीख जुळवून पाहा, ती बिलावर लिहून घ्या आणि मगच टायर रिमवर चढवू द्या.