नवी मुंबईत ऐरोलीच्या खारफुटीतल्या पायवाटेवर मुलांना घेऊन कधी जावं, काय बघावं?

आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, मग निघा. किनारी व सागरी जैवविविधता केंद्राची वाट खारफुटीतूनच जाते. ओहोटीला चिखल उघडा पडला की निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) आणि एक नांगी भलीमोठी असलेले खेकडे दिसतात. तिथल्या बोटीच्या फेरीचं मात्र उलटं, तिला भरतीच लागते.

तिवर या खारफुटीच्या झाडापाशी थांबाच. चिखलातून पेन्सिलीएवढी उभी मुळं वर आलेली असतात. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाड या मुळांनी वरची हवा घेतं. त्यांवर पाय पडला तर ती मोडतात, तेव्हा वाट सोडू नका. पानावर बोट फिरवा, कोरड्या दिवसांत मिठाचे कण लागतात. जादा मीठ पानंच बाहेर टाकतात. डास खूप असतात, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. रोहित पक्षी हवे असतील तर जानेवारी ते एप्रिल.