कबुतरांचं घरटं रिकामं झाल्यावर घरातल्यांना खाज का सुटली?

राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या खिडकीवरून कबुतराची पिल्लं उडाली आणि आठवड्याभरात सगळ्यांना खाज सुटली, असं तुम्ही लिहिलंय. हे बहुधा पक्ष्यांवरचे माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक जीव. अर्धा ते एक मिलिमीटरचे, रक्त प्यायले की लालसर दिसतात. पिल्लं गेली की उपाशी पडतात आणि फटींतून घरात शिरतात.

ते चावतात, पण माणसाच्या अंगावर त्यांचा संसार चालत नाही. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय खरजेचं मलम फासू नका. आमच्या आईला आम्ही महिनाभर तेच लावलं, आणि घरटं ग्रिलवर तसंच! अजून वाईट वाटतं.

आधी घरटं काढा. अंडी-पिल्लं नाहीत ना, बघा. मास्क, हातमोजे घाला, पाणी शिंपडून ओलं करा, मगच पिशवीत बांधा. सुकी विष्ठा झाडूने उडवलीत तर छातीला त्रास होतो. जागा साबणाच्या पाण्याने पुसा, फटी बुजवा, जाळी बसवा. चादरी गरम पाण्यात धुवा. काही जातींचे माइट्स रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतात, म्हणून पुसणं निदान दोन-तीन आठवडे चालू ठेवा.

लहान मुलांना फोड आले किंवा पुरळ पसरलं, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि घरट्याचं आवर्जून सांगा.