खांबाविना छत : मँचेस्टरचं जुनं सेंट्रल स्टेशन

प्रश्न : ताई, गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे मँचेस्टरला होतो. जावई एका प्रदर्शनाला घेऊन गेले. गाडी खाली पार्किंगमध्ये लावली, तिथे जिकडे बघावं तिकडे विटांच्या कमानी. वर आलो तर डोक्यावर अवाढव्य कमानदार छत आणि एवढ्या मोठ्या जागेत एकही खांब नाही. जावई म्हणाले, हे पूर्वी रेल्वे स्टेशन होतं. खरं का? आणि आधाराशिवाय एवढं छत पेललं कसं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जावईबापूंनी सांगितलं ते अगदी खरं आहे. तुम्ही उभे होतात ते मँचेस्टर सेंट्रल स्टेशन. तीन रेल्वे कंपन्यांच्या भागीदारीतून झालेल्या ‘चेशायर लाइन्स कमिटी’नं ते बांधलं. १ जुलै १८८० ला गाड्या सुरू झाल्या आणि ५ मे १९६९ ला बंद झाल्या.

माझी सगळी नोकरी पुलांचं आणि शेडचं लोखंड तपासण्यात गेली. कुठल्याही स्टेशनात शिरले की माझी नजर आधी वर जाते, म्हणून तुमच्या पत्रानं मला फार आनंद झाला. बहुतेक लोक दर्शनी भागाचे फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही छत पाहिलंत.

मापं आधी सांगते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत २१० फूट, लांबी ५५० फूट, रुळांपासून माथ्यापर्यंत उंची ९० फूट. गुणाकार केला तर एक लाख पंधरा हजार चौरस फुटांच्या वर जातो, म्हणजे अडीच एकरांहून जास्त जमीन एका छताखाली, मध्ये टेकू नाही. काम घडीव लोखंडाचं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाबाला उत्तम टिकतं पण ताण आला की दगा देतं. घडीव लोखंड ताणही सोसतं, म्हणून त्या काळात मोठ्या गाळ्यांना, म्हणजे दोन आधारांमधल्या मोठ्या अंतरांना, तेच वापरत. डर्बीच्या अँड्र्यू हँडीसाइड कंपनीनं हे छत उभारलं. सल्लागार अभियंता होते सर जॉन फाउलर. पुढे स्कॉटलंडमधला फोर्थचा प्रसिद्ध रेल्वे पूल बेंजामिन बेकर यांच्यासोबत त्यांनीच केला.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कमानीवर वजन आलं की ते वाकणावरून घसरत दोन्ही पायांशी येतं. तिथे ते नुसतं खाली दाबत नाही, पाय बाहेर फाकवायलाही बघतं. सगळी मेख या फाकण्यात आहे. एक उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना जाडजूड भिंती. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांना बांधून टाकणं. या बांधणाऱ्या दांड्याला आम्ही टाय रॉड म्हणतो.

हा टाय कुठे ठेवायचा, यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. लंडनच्या चेरिंग क्रॉस स्टेशनात तो वर, छतातच होता. त्यातल्या एका दांड्याच्या जोडात घडणीचा दोष राहिला होता. ५ डिसेंबर १९०५ ला तो दांडा तुटला, छताचा भाग आणि बाजूची भिंत कोसळली आणि सहा माणसं गेली. लंडनच्याच सेंट पँक्रसला १८६८ मध्ये विल्यम बार्लो यांनी वेगळा मार्ग काढला होता. त्यांनी टाय जमिनीखाली नेला. ज्या गर्डरांवर, म्हणजे लोखंडी तुळयांवर, रूळ आणि फलाट उभे आहेत, तेच गर्डर कमानीचे दोन्ही पाय धरून ठेवतात. त्यामुळे वरची हवा मोकळी राहिली आणि गाळा २४० फुटांचा झाला. ज्या मिडलंड रेल्वेनं सेंट पँक्रस बांधलं, ती मँचेस्टरच्या तीन भागीदारांपैकी एक. तेव्हा हे छत त्याच घराण्यातलं म्हणायला हरकत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असंही तुमच्या मनात येईल. फलाटांमध्ये खांब नसले की रूळ हवे तसे सरकवता येतात, फलाट वाढवता येतात आणि घसरलेला डबा खांबावर आदळून छत खाली येण्याचा धोका राहत नाही. उंचीचं कारण वाफेची इंजिनं. धुराला वर जायला जागा हवी. पुढच्या वेळी गेलात तर एक गोष्ट जरूर बघा. काच फक्त मधल्या पट्ट्याला होती. दोन्ही कडांच्या भागांना आतून लाकडी फळ्या आणि बाहेरून स्लेटच्या पातळ लाद्या. उजेड मधोमध उतरावा आणि कडा सावलीत राहाव्यात, ही योजना मला पूर्ण काचेच्या छतापेक्षा जास्त आवडते.

आणि ती पार्किंगची जागा! तिच्यावरून नुसते पुढे जाऊ नका. रूळ रस्त्याच्या पातळीहून वर होते, त्यामुळे खाली मोठं तळघर मिळालं आणि ते मालाच्या साठवणीला वापरलं गेलं. दोन लांबट कमानी एकमेकींना काटकोनात छेदतात तिथे तिरकी धार तयार होते. त्या धारेवर अख्खी वीट बसत नाही. प्रत्येक वीट कोनात तासून लावावी लागते, आणि कोन वर जाताना बदलत जातो. मालाच्या तळघरात, जिथे प्रवासी कधी येणार नव्हता, तिथे गवंड्यांनी हे केलं आहे. दिवा धरून एक धार पायापासून माथ्यापर्यंत न्याहाळा.

प्रश्न : आमच्या सीएसएमटीवर किती कोरीवकाम आहे! या मँचेस्टरच्या स्टेशनाचे फोटो पाहिले तर पुढे ना घुमट, ना मनोरे. इंग्रजांनी स्वतःच्या देशात हात का आखडला? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पुढे भव्य इमारत येणारच होती. सेंट पँक्रससारखं हॉटेल आणि कचेऱ्या उभ्या करायच्या, असा बेत होता. तोवरची सोय म्हणून तिकीटघर आणि प्रतीक्षालयासाठी लाकडी इमारत घातली. ती ‘तात्पुरती’ इमारत स्टेशन बंद होईपर्यंत तशीच राहिली. हॉटेल झालं, पण शेजारच्या जागेवर : १९०३ चं मिडलंड हॉटेल, ते आजही चालू आहे.

तुमच्या तुलनेतून मात्र फार छान गोष्ट निघते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची सीएसएमटीची इमारत १८८८ मध्ये पुरी झाली, म्हणजे दोन्ही स्टेशनं एकाच दशकातली. आपल्याकडे घुमट, मोर, माकडं, रंगीत काचा, सगळं वैभव रेल्वेच्या कचेऱ्यांना मिळालं आणि लोकल जिथे लागते तिथली शेड साधी. मँचेस्टरला सगळं बळ शेडमध्ये गेलं आणि पुढे लाकडी खोल्या. मला दोन्ही प्रिय आहेत, पण अभियंता म्हणून विचाराल तर माझं मत मँचेस्टरला.

प्रश्न : मी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अशी बंद स्टेशनं बहुधा पाडली जातात. हे कसं वाचलं? आणि फलाट काढून टाकणं तुम्हाला पटतं का? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : थोडक्यात वाचलं. लंडनच्या यूस्टन स्टेशनसमोरची १८३७ ची दगडी कमान १९६१-६२ मध्ये लोकांचा विरोध डावलून पाडली गेली. ती जखम ताजी असताना, १९६३ मध्ये, मँचेस्टर सेंट्रलला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. गाड्या थांबल्यावर तरी दहा वर्षांहून जास्त काळ हाल झाले. आग लागली, काचा गेल्या, वाहनतळ म्हणून जागा वापरली गेली. १९७८ मध्ये तिथल्या महानगर परिषदेनं ती घेतली, १९८२ मध्ये काम सुरू झालं आणि १९८६ मध्ये प्रदर्शन केंद्र उघडलं.

फलाट गेले याचं मला वाईट वाटतं. स्टेशनात माणूस कुठे उभा राहत होता आणि गाडी कुठे लागत होती, ते आता आत कळत नाही. पण फलाट ठेवले असते तर सपाट जमीन मिळाली नसती, प्रदर्शनं झाली नसती आणि छताच्या देखभालीचा खर्च कुणी उचलला नसता. माझा कौल छताला. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाच्या साथीत तिथे तात्पुरतं रुग्णालय उभारलं, तेही मधे खांब नसल्यामुळे सोपं गेलं असणार. तुम्ही आराखडे काढाल तेव्हा हे लक्षात ठेवा : १८८० मध्ये रूळ सरकवता यावेत म्हणून मोकळी ठेवलेली जागा पुढे प्रत्येक नव्या वापराला पुरली.

तिकडे जाणं झालं तर डीन्सगेट-कॅसलफील्ड या ट्रामच्या थांब्यावर उतरा. १९९२ पासून ट्राम याच स्टेशनाकडे येणाऱ्या जुन्या रेल्वे पुलावरून धावते आणि शेडच्या अगदी बाजूनं उतारावरून शहरात शिरते. उजेड असताना जा आणि ट्राममध्ये शेडच्या बाजूची खिडकी धरा.